झिरीपर्यंत, हात न धरता

वाट सपाट हवी, सावलीची हवी, मध्ये टेकायला दगड हवेत आणि शेवटी झिरी हवी. एवढ्या अटी घेऊन मी पावसाळा सरता सरता चोरल नदीच्या काठाने आधी एकटीच फिरून आले. झिरी म्हणजे खडकातून आपोआप पाझरणारं, तळ दिसेल इतकं नितळ पाणी. नदी एकदाच ओलांडावी लागते, तीही दगडांवरून, घोटाही न बुडवता. इंदूरहून सकाळी निघून संध्याकाळी परत यावं अशी साधी फिरस्ती. पण तिच्यावर माझ्या वडिलांचं घर पणाला लागलं होतं.

आई गेल्यापासून बाबा परदेशीपुऱ्यात एकटे राहतात. यंदा उन्हाळ्यात न्हाणीघरात पडले, मनगट मोडलं, आणि शेजारच्यांना पत्ता लागेपर्यंत दुपार झाली होती. तेव्हापासून ‘आमच्याकडे तुकोगंजला चला’ हा एकच जप मी करत होते. आजोबा महूला पलटणीत होते. बाबांनी जन्मभर टेलिफोनच्या ऑफिसात खुर्चीवर बसून नोकरी केली, पण पीळ फौजीच. शेवटी एक दिवस तेच म्हणाले, “लहानपणी वडील महूहून मीटरगेजच्या गाडीने कालाकुंडला न्यायचे, तिथून चालत झिरीवर. त्या झिरीवर जाऊन परत येतो. काठी चालेल, हात कोणाचा नाही. जमलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. हात धरला तर सामान बांध.”

पुण्याच्या प्रकाशदादाने, माझ्या भावाने, फोनवर साक्षीदार व्हायचं कबूल केलं. आणि मी, जिला बाबांनी हरायला हवं होतं, तीच त्यांच्यासाठी सोप्यात सोपी वाट शोधत हिंडले. ते हरावेत, पण पडू नयेत! धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी माझी गत.

निघालो त्या दिवशी मिलिंदने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, गाडी पहिली थांबवली ती पोह्यांच्या ठेल्यावर.

“भिया, सेव जरा दबा के. और जीरावन अलग से,” तो म्हणाला.

“किधर की तैयारी है?” ठेलेवाल्याने विचारलं.

“झिरी देखने. पैदल,” बाबांनीच उत्तर दिलं, छाती काढून.

जीरावन म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा आमचा इंदुरी मसाला. बाबांनी एक प्लेट संपवून वर जलेबी मागितली. मी माझी प्लेट मिलिंदकडे सरकवली.

सिमरोलचा घाट उतरलो आणि हिरवा रंग अंगावर आला. सागाची पानं अजून धुतल्यासारखी, कडेला तेरड्याची गुलाबी फुलं. चोरल गाव मागे टाकून एका वस्तीशी गाडी लावली. मिलिंदने डिकीतून जे काढलं ते पाहून मी कपाळावर हात मारला. पीठ, डाळ, तुपाचा डबा, पातेलं आणि पोतंभर गोवऱ्या.

“मिलिंद, हे काय? पुरी-भाजी ठरली होती ना!”

“अगं, नदीवर जायचं आणि बाफले नाही? लोग क्या कहेंगे? अन् मिलिटरीवाल्याच्या मुलाला पुरी-भाजी खिलवू?”

“बराबर बोले मिलिंदजी,” बाबा म्हणाले. जावई-सासऱ्याची युती झाली की माझं काही चालत नाही.

बाफले ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. कणकेचे गोळे आधी पाण्यात उकळायचे, मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, मग तुपात बुडवून डाळीबरोबर चुरून खायचे. यात घाई चालत नाही. खाल्ल्यावर शुद्ध राहत नाही, हे कोणी सांगत नाही, कारण इंदूरमध्ये ते सगळ्यांना माहीतच असतं. मी वेळेचा सगळा हिशेब केला होता. त्यात बाफले नव्हते.

काठाकाठाने बाबा पुढे, मी मागे आणि सगळ्यात मागे पोतं घेतलेला मिलिंद. वाट खरंच सोपी होती. तरी बाबांचा पाय मुळाला अडला की माझा हात आपोआप उचलला जाई, आणि मी तो ओढणीत गुंडाळून ठेवी. ओलांडायच्या जागी पाणी निवळशंख होतं. बाबांनी काठीने एकेक दगड ठोकून पाहिला, पाय ठेवला, थांबले, पुढचा ठोकला. पलीकडे पोचल्यावर वळून माझ्याकडे पाहिलं. मला अभिमान वाटला आणि रागही आला.

झिरी तिथून हाकेच्या अंतरावर. करवंदीच्या जाळीखाली, खडकाच्या पोटात लहानसं कुंड. तळाशी पाणी जिथून वर येतं तिथे वाळूचे कण सतत उसळत होते. बाबा गुडघ्यावर हात टेकून हळूहळू बसले, ओंजळ भरली, प्यायले, पुन्हा भरली.

“हीच का हो?” मी विचारलं.

“हीच. तेव्हा खूप मोठी वाटायची.”

“तुम्ही छोटे होता ना.”

“मी छोटा नव्हतो. पिताजी मोठे होते,” बाबा म्हणाले आणि ओल्या हातांनी तोंड पुसलं. मग पुन्हा एक ओंजळ भरली. मी तिथून बाजूला झाले.

मिलिंदने झिरीच्या पाण्यात डाळ शिजवली. बाफले निखाऱ्यात गेले तेव्हाच ऊन कलायला लागलं होतं. जेवण असं झालं की मीसुद्धा बोटं चाटली. मग व्हायचं तेच झालं. मिलिंद पोत्यावर आडवा, बाबा झाडाला टेकून घोरताहेत, आणि पहारा द्यायचा म्हणून बसलेल्या माझेही डोळे मिटले.

“ए बई! उठो! पाणी चढी रियो है!”

दचकून उठले. बकऱ्या घेऊन एक म्हातारी उभी होती. (चढी रियो है म्हणजे चढतं आहे.) आमच्याकडे अजून ऊन होतं, पण वर घाटाकडे आभाळ काळं झालं होतं. तिकडे कधीचा पाऊस लागला असणार. आम्ही ओलांडायच्या जागी धावलो. सकाळची निवळशंख नदी चहासारखी गढूळ झाली होती आणि दगडांपैकी एकही दिसत नव्हता.

“माजी, दुसरा रस्ता?” मिलिंदने विचारलं.

“इधर तो जंगल है, बेटा. अबी उतरी जाव, घुटना तक है. देर करोगा तो सवेर तक याँज बैठ्या रोगा.” (म्हणजे सकाळपर्यंत इथेच बसून राहाल.)

पातेलं, पोतं, तूप तिथेच राहिलं. मिलिंद पुढे उतरला, पायाने दगड चाचपत. पाणी त्याच्या गुडघ्याशी होतं. मागे बाबा. त्यांच्या मागे मी.

पाण्याला एवढा जोर असतो हे मला काठावरून कळलं नव्हतं. पायांखालची वाळू खरोखर सरकत होती. मध्यावर बाबांची काठी दोन दगडांत अडकली. त्यांनी ओढली, ती सुटली आणि गेली. डोळ्यांदेखत गिरक्या घेत गेली. बाबा थांबले. मिलिंद पलीकडे पोचून ओरडत होता, पण पाण्याच्या आवाजात काही कळत नव्हतं.

माझा हात त्यांच्या कोपरापासून वीतभर दूर होता. मी धरला असता तर त्यांनी तो झिडकारला असता आणि दोघंही गेलो असतो, इतकं मी माझ्या बापाला ओळखते. आणि नाही धरला तर? एका पैजेपायी मी त्यांना इथवर आणलं होतं. तुकोगंज खड्ड्यात गेलं, परदेशीपुरा खड्ड्यात गेला, मला फक्त ते पलीकडे हवे होते.

“बाबा, धरू?”

“नको!”

एक पाऊल त्यांनी टाकलं. चांगलं टाकलं. पाणी माझ्या गुडघ्याच्या वर आलं. मी हलले नाही, त्यांचे पाय ठरल्याशिवाय मला हलताच येईना. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग त्या मोडून जुळलेल्या मनगटाचा हात मागे केला.

“दे हात,” ते म्हणाले.

मी तो असा धरला की पलीकडे पोचल्यावर मिलिंदला माझी बोटं सोडवावी लागली. काठावर बसून मी ढसाढसा रडले. पलीकडून म्हातारीने हात हलवला आणि ती बकऱ्यांमागे निघून गेली.

परतीच्या वाटेवर गाडी घाट चढली. सिमरोल ओलांडल्यावर फोन वाजला. प्रकाशदादा. गाडीत सगळ्यांना ऐकू येत होतं.

“क्या हुआ? पोचले का बाबा? हात तर नाही ना धरला कोणाचा?”

“नाही,” मी म्हणाले. का म्हणाले कोण जाणे, पण तोंडातून तेच निघालं. “एकटे गेले, एकटे आले. एकदम मस्त.”

“खोटं का बोलते?” मागच्या सीटवरून बाबांचा आवाज आला. “प्रकाश, धरला मी हात. सामान बांधायचं.”

दादा ‘बरं’ म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. मी जिंकले होते. याच दिवसासाठी मी महिनोन्‌महिने त्यांच्याशी भांडले होते. आता मात्र त्या घराचं दार, ओट्यावर एकट्याचा चहा करणारे बाबा, गल्लीतले लोक त्यांना करतात तो जयभीम, सगळं एकेक करून डोळ्यांपुढे यायला लागलं आणि मला ते सहन होईना.

मी मागे वळले. “बाबा, तुम्ही तर जमवलं होतं. ते शेवटचं पाऊल पक्कं पडलं होतं, मी पाहिलं. अजून थोडंच राहिलं होतं. मग हात का मागितला?”

बाबा खिडकीबाहेर बघत होते. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली.

“मी निघालो असतो,” ते म्हणाले. “पण माझ्याकडे बघत तू तिथेच उभी होतीस, बेटा. पाणी तुझ्यावर चढत होतं.”