मेलेल्या बंदुकीचा दाखला

कडूबांनी आयुष्यात एकदाही बंदूक चालवली नव्हती. वीज मंडळात लाइनमन म्हणून त्यांची सगळी नोकरी उंद्रीच्या आसपास गेली. दिवाळीत पोरं सुतळी बॉम्ब लावायची तेव्हा ते आत जाऊन दार लावून घ्यायचे. आणि तरी त्यांच्या ओसरीच्या भिंतीवर पाच बंदुका टांगलेल्या होत्या.

सगळ्या ठासणीच्या. नळीत दारू आणि छर्रे ठासायचे आणि बार काढायचा. रानडुकरांपासून पीक राखायला पूर्वी एखाद्या घरी अशी परवान्याची बंदूक असायची. मग झटका मशीन आलं. तारेला डुक्कर शिवलं की झटका बसतो, त्यामुळे बंदूक घेऊन जागलीला बसायचं कारण उरलं नाही. म्हातारी माणसं गेली. पोरांना परवान्यासाठी बुलढाण्याला हेलपाटे नको होते. बंदूक भंगारात घालायलाही त्यांचा जीव होत नव्हता. कडूबा कोणाला नाही म्हणत नसत, म्हणून ती त्यांच्या ओसरीवर यायची.

कडूबा ती आधी हबीबच्या वर्कशॉपवर न्यायचे. ट्रॉलीचा हूक, नांगराचा फाळ, जे तुटेल ते हबीब जोडायचा. बंदुकीचं मात्र उलटं काम. तो नळीला आरपार भोक पाडायचा. बंदूक मेली. मग ती पुसून, तेल लावून भिंतीवर चढायची. दसऱ्याला त्या त्या घरची माणसं येत आणि आपल्या माणसाच्या बंदुकीची पूजा करून जात.

एका जुन्या ठाणेदारांनी त्या भोकात बोट घालून पाहिलं होतं. "ही तर लोखंडाची काठी," असं म्हणून चहा पिऊन ते गेले होते. कडूबांना तेवढा कायदा पुरेसा होता.

निवडणूक लागली. परवान्याच्या बंदुका जमा करायचा हुकूम निघाला. नवे ठाणेदार तरुण होते आणि त्यांनी नियम वाचलेले होते. कोणीतरी ओसरीचा व्हिडिओ मोबाइलवर फिरवला होता. ठाणेदार भिंतीपुढे येऊन उभे राहिले.

"परवाना?"

"साहेब, मेलेल्या हायेत ह्या."

"कोणी मारल्या?"

"हबीबनं."

ठाणेदारांनी टोपी काढून ओसरीवरच्या टेबलावर ठेवली. "काका, हबीबला तो अधिकार कोणी दिला? आता नियम वेगळे आहेत. बंदूक निकामी झाली हे परवाना असलेल्या कारागिराने लिहून द्यायचं. त्याचा दाखला नाही, तोवर ती बंदूकच."

"भोक पाडलेली?"

"भोक पाडलेली."

"अन् दाखला असला तं?"

"तर मी वर विचारून बघतो. शोभेची वस्तू म्हणून राहील. मतदानाच्या आत आणा, नाहीतर सगळ्या मालखान्यात."

मालखाना म्हणजे ठाण्यामागची खोली. तिथं गेलेली वस्तू परत आल्याचं उंद्रीत कोणाला आठवत नव्हतं. कडूबांना चार बंदुकांचं काही नव्हतं. पाचवीची काळजी होती. ती तुळशीरामची. तुळशीराम गेला तेव्हा त्याची बायको सिंधूताई बंदूक लुगड्यात गुंडाळून स्वतः घेऊन आली होती. "भाऊ, इकू नका, कोनाले देऊ नका," एवढंच म्हणाली होती. कडूबांनी हो म्हटलं होतं.

त्यांनी चार ठिकाणी फोन केले तेव्हा अकोल्याचा एक परवानाधारक दुरुस्तीवाला सापडला.

"भोक आधीच पाडलंय?" तो म्हणाला. "मग मी कशाचा दाखला देऊ? चालती बंदूक आणा, बंद करून दाखला देतो. मेलेलीला मी पुन्हा कसा मारू?" तो हसला आणि त्याने फोन ठेवला.

कडूबा हसले नाहीत. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. वीज मंडळात थकबाकीदाराचं कनेक्शन तोडायला जावं आणि ते आधीच तुटलेलं निघावं, असं त्यांच्या नोकरीत कितीदा तरी झालं होतं. तोडल्याचा कागद करायचा तर तोडावं लागे. मग कडूबा खांबावर चढत, वायर जोडत, दिवा लागल्याचं पाहत आणि मग तोडत. वरिष्ठांनी त्यांना तसंच शिकवलं होतं. म्हणून अकोल्याच्या माणसाचं बोलणं त्यांना थट्टा वाटलं नाही. ती पद्धत वाटली.

"भोक बुजवता येईन का बे?" त्यांनी हबीबला विचारलं.

"बुजवता तं येईन. पन भाऊ, आपन तिले जिंदा करून राह्यलो ना मंग."

"दाखल्यापुरती. अकोल्यात गेली का मेली."

"अन् मधात?"

"मधात चिखलीचा स्टँड हाय. तिथं कोनाले गोळी घालतं का तू?"

तुळशीरामच्या बंदुकीचं भोक सगळ्यांत लहान होतं, म्हणून आधी तीच घेतली. हबीबने वेल्डिंग केलं, ग्राइंडर फिरवला, वर पॉलिश कागद मारला. बोट फिरवलं तरी जोड लागेना. कौशल्याबाईंनी नवऱ्याला बंदूक पिशवीत घालताना पाहिलं.

"अवो, कोनाले इचारलं का तुमी?"

"सगळं नियमानं होऊन राह्यलं."

"तुमी नियमानं कराले गेले का मले भेव लागते," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

बंदूक एसटीतून न्यायची तर ठाण्याचं पत्र हवं, हेही कडूबांनीच ठरवलं. ते आणि हबीब ठाण्यात गेले. पिशवीतून बंदूक काढून त्यांनी ठाणेदारांच्या टेबलावर ठेवली. ठाणेदारांनी भोक शोधलं. बंदूक फिरवून पुन्हा शोधलं.

"भोक कुठे गेलं?"

"बुजवलं साहेब," हबीब म्हणाला. कामाचं कौतुक होईल असं त्याला वाटत होतं. "हात फिरवून पाहा, समजतबी नाई."

ठाणेदारांनी उठून दार लोटलं. मग बसले. दोन्ही हातांनी कपाळ धरलं.

"काका, काल ही काठी होती. मी वर काहीतरी सांगू शकलो असतो. आज ही बंदूक आहे. विनापरवाना. आणि ती बनवणारा माझ्यासमोर उभा राहून पॉलिश कसं झालंय ते दाखवतोय."

"पन साहेब, मारासाठीच तं जिती केली."

"हे वाक्य कोर्टात बोलू नका."

कडूबांनी अकोल्याचं सांगितलं. वीज मंडळातलं सांगितलं. ठाणेदार ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा अधिकच थकला.

"तो गंमत करत होता, काका."

"कायद्याच्या कामात गंमत कायची?"

ठाणेदार म्हणाले, "बनवणाऱ्याला मोठी शिक्षा असते. मी कागद केला तर हबीब आज घरी जात नाही. नाहीतर असं करा. जुनं निरुपयोगी लोखंड नष्ट करायला दिलं, असं लिहून द्या. आत्ता पंचांसमोर हिचे तुकडे करतो. बाकीच्या चार जमा करा. मी वेल्डिंग पाहिलं नाही."

"ही माही नाई साहेब. सिंधूताईची हाय."

"तिच्या नावावर परवाना आहे?"

"नाई."

"मग तिचीही नाही."

कडूबांनी हबीबकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत तळहात पँटला पुसत होता. घरी त्याची बायको अमीना आणि दोन लेकी. तो काही बोलला असता, रडला असता, तर कडूबांना त्याच्यावर चिडता तरी आलं असतं. 

"कापा," कडूबा म्हणाले.

ठाण्याच्या अंगणात कटर लावला. ठिणग्या उडाल्या. नळी वेल्डिंगच्या जागी तुटायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. लाकडी दस्ता उरला. ठाणेदारांनी तो कडूबांच्या हातात दिला. "हे लाकूड आहे. घेऊन जा. आणि कृपा करून कोणाला फोन करू नका."

रस्त्यात हबीब म्हणाला, "भाऊ, माहं चुकलं."

"तुहं काम चुकलं असतं तं बरं झालं असतं. भोक दिसलं असतं."

घरी कौशल्याबाईंनी सगळं ऐकलं. "सिंधूले तुमीच सांगा," त्या म्हणाल्या. "मी नाई येत."

सकाळी सिंधूताई अंगणात तूर झोडपत होती. कडूबांनी दस्ता पाठीमागे धरला होता, पण तो लपण्याजोगा नव्हता. तिने काठी थांबवली.

"कापली?"

"कापली."

"अन् हबीब जोडत होता म्हने तिले."

"जोडली."

"काऊन?"

"कापासाठी."

सिंधूताईने त्यांच्याकडे पाहिलं. घरातल्या खुळ्या माणसाकडे पाहावं तसं, रागावणं फुकट आहे हे कळल्यासारखं.

"भाऊ, मले काऊन नाई इचारलं तुमी?"

"इचारलं असतं तं काय म्हनली असती?"

"म्हनली असती, नळी कापून देऊन टाका पोलिसाले, अन् लाकूड मले आनून द्या. दसऱ्याले मी हळद कायले लावत होती? नळीले? त्यायचा हात दस्त्याले लागे. घाम लागून लागून काळा पडला तो. नळी तं इकत आनली होती चिखलीहून."

कडूबांनी आठवून पाहिलं, पण आठवेना. एवढे दसरे त्यांच्याच ओसरीवर झाले होते. तिची हळद कुठे लागते ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

त्यांनी दस्ता पुढे केला.

"ठेवा तिथं. हात भरले तुरीनं."

त्यांनी तो ओट्यावर ठेवला. ती पुन्हा झोडपायला लागली. कडूबा उभेच राहिले. ती आणखी काही बोलेल, शिव्या देईल, म्हणून वाट बघत राहिले.

"आता जा," ती काठी न थांबवता म्हणाली. "बाकीच्या चौघायच्या घरी इचारून या. का त्यायच्याबी जोडून राह्यले?"

कडूबांनी चप्पल घातली. चार घरं होती. चारही बंदुका कालच मालखान्यात पोहोचल्या होत्या, आणि कोणत्या घरात कोणाला काय हवं होतं हे त्यांना एकाही घरचं ठाऊक नव्हतं.