रोज माझी चेष्टा करा

माझी हिंदी ऐकली की माणसं आधी गोंधळतात आणि मग हसतात. एकदा पाण्याचा मोठा जार घेऊन आलेल्या माणसाला मी म्हटलं, "भैया, जार खाली रखो." तो म्हणाला, "माताजी, भरा हुआ है." मी म्हटलं, "भरा है तो भी खाली रखो." तो खांद्यावर जार घेऊन माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं याला कमी ऐकू येतं, म्हणून मी आणखी मोठ्याने सांगितलं. त्याला वाटलं म्हातारीला सगळं पाणी ओतून टाकायचं आहे. शेवटी सून बाहेर आली आणि म्हणाली, "नीचे, भैया, नीचे." हिंदीत खाली म्हणजे रिकामं, मोकळं, हे मला त्या दिवशी कळलं. तोवर मला दिल्लीकडे येऊन तीस-पस्तीस वर्षं उलटून गेली होती.

इतकी वर्षं कसं निभावलं असं कोणी विचारतं. सोपं आहे. नवऱ्याची सरकारी नोकरी, त्यामुळे आम्ही लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये राहायचो. वरती बंगाली, खाली मद्रासी, शेजारी ओडिया. हिंदी कोणालाच धड येत नव्हती. सगळ्याच बायका चुकत होत्या, म्हणून कोणीच चुकत नव्हती. पुढे नवरा गेला, क्वार्टर सुटलं आणि मी नोएडाला मुलाकडे राहायला आले. इथे सोसायटीत सगळ्यांची हिंदी चांगली. मग माझी पंचाईत झाली. पण मी मनाशी ठरवून टाकलं होतं की चौथी शिकलेल्या बाईला एवढंच येणार. आता या वयात काय सुधारायचं.

हे सगळं तसंच चालू राहिलं असतं, पण नातीच्या शाळेत आजी-आजोबांचा दिवस निघाला. नात चौथीत. वर्गात आजीने किंवा आजोबांनी येऊन हिंदीत एक गोष्ट सांगायची. मी पॅसेजमध्ये कपड्यांच्या घड्या घालत होते आणि स्वयंपाकघरात ती आईला सांगत होती, "मम्मा, आजीला नको सांगू. नानीला बोलाव ना."

नानी म्हणजे तिच्या आईची आई. ती नागपूरची. तिची हिंदी रेडिओवरच्या बाईसारखी.

सून म्हणाली, "हळू बोल. आणि एका गोष्टीसाठी नानीला नागपूरहून बोलवायचं?"

"आजी म्हणते मेरे को राग आया. सगळे हसतील, यार मम्मा."

सांगायला हवं की हिंदीत राग म्हणजे गाण्यातला राग. मला आला म्हटलं की लोकांना वाटतं मी आता गाणार.

मी घड्या ठेवल्या आणि आत गेले. सुनेचा चेहरा पडला. नातीचा नाही पडला, ती माझ्यावर गेली आहे.

"कधी आहे कार्यक्रम?" मी विचारलं.

"पुढच्या महिन्यात."

"मग नानीचं तिकीट काढू नका. मी येते."

"पण आजी, तुला हिंदी येत नाही."

"तुझा बाप जन्मायच्या आधीपासून बोलतेय मी हिंदी."

"बोलतेस गं. येत नाही."

कार्टीचं बरोबर होतं. मला रडूबिडू आलं नाही. पण नागपूरहून माणूस बोलवायची पाळी येते म्हणजे फारच झालं. आणि खरं सांगायचं तर त्या पोरीने मला नको म्हणावं, हे मला चालणार नव्हतं.

त्याच आठवड्यात समोरच्या फ्लॅटमधली पंजाबी शेजारीण मला क्लबहाऊसमध्ये ओढून घेऊन गेली. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान, भारदस्त बाई. नवीन राहायला आल्यावर मी तिला आदराने ताई म्हटलं होतं, तर ती म्हणाली, "मैं आपकी ताई लगती हूँ?" हिंदीत ताई म्हणजे बापाच्या थोरल्या भावाची बायको. पुढे दोन आठवडे ती माझ्याशी बोलली नव्हती. तर ती म्हणाली की ग्रोथ माइंडसेट म्हणून काहीतरी आहे आणि नंतर समोसे आहेत. ग्रोथ म्हणजे वाढ एवढं मला कळतं. मला वाटलं केस वाढवण्याचं तेल विकत असतील.

पांढरे बूट घातलेली एक तरुण मुलगी बोलायला उभी राहिली. मुलगी चांगली होती, हात फार हलवत होती एवढंच. ती म्हणाली की काही माणसं धरून चालतात की आपल्याला जे येत नाही ते कधीच येणार नाही. अशांचं डोकं बंद पडतं. दुसरी म्हणतात, येत नाही पण शिकलं तर येईल. त्यांचं डोकं म्हातारपणीही वाढतं. मी सरळ होऊन बसले. हे तर माझ्याबद्दलच चाललं होतं. मग शेवटी ती दोन्ही हात जोडून म्हणाली, "गलती से मत डरिए. बस चेष्टा कीजिए. रोज थोडी थोडी चेष्टा कीजिए."

मी थक्क झाले. चेष्टा करा. रोज करा. आजवर ज्याने त्याने मला सांगितलं की कोणाची चेष्टा करू नये, आणि ही शिकलेली मुलगी माइकवरून सांगत होती की शिकण्याचा तोच उपाय आहे. मी समोसा खाताना विचार केला तेव्हा ते मला पटलंच. लोक माझ्या हिंदीला माझ्यामागे हसत होते, म्हणून मला कुठे चुकतं ते कधी कळलंच नव्हतं. तोंडावर हसले असते तर केव्हाच सुधारले असते. इतकी साधी गोष्ट कोणाच्या डोक्यात कशी आली नाही.

घरी येताना लिफ्टमध्येच मी शेजारणीला म्हटलं, "बहनजी, मेरे को हिंदी सीखना है. आप रोज मेरी चेष्टा करो."

माझा हात हातात घेऊन ती गंभीरपणे म्हणाली, "जरूर करूँगी. पूरी चेष्टा करूँगी."

मला वाटलं, बाई मनमोकळी आहे.

दुसऱ्या दिवसापासून ती सकाळची कामं उरकून यायची. हिवाळ्याचे दिवस, बाल्कनीत ऊन, मधे मटारचा ढीग. मी बोलायची आणि ती माझ्या चुका पकडायची.

"दही खट्टी है."

"दही खट्टा."

"दुकान छोटा है."

"दुकान छोटी. बहनजी, ये सब उल्टा कैसे कर लेती हैं?"

त्याचं कारण मला तेव्हा सापडलं. आपल्याकडे तो, ती आणि ते. यांच्याकडे ते नाहीच. मग आपली जेवढी ते आहेत तेवढी सगळी यांनी तो आणि ती यांच्यात वाटून टाकली आहेत, आणि वाटताना कोणाला विचारलं नाही. पाणी पुरुष झालं. पुस्तक बाई झालं. एकाच तोंडावर कान पुरुष आणि नाक बाई. आपला पोलीस, एवढ्या मिशांचा माणूस, हिंदीत बाई. "पुलिस आ गई" असं ती म्हणाली तेव्हा मी इतकी हसले की मटार बाल्कनीतून खाली गेले आणि खालच्या मजल्यावरच्या माणसाने वर बघून विचारलं की सगळं ठीक आहे ना.

शेजारीण आधी चूक सांगायची, मग तिलाही राहवायचं नाही आणि ती हसायची. मला हसणं कमी पडतंय असं वाटायचं, कारण मी औषध म्हणून घेत होते. मी म्हणायची, "और चेष्टा करो, बहनजी. इतनी चेष्टा से मेरा कुछ नहीं होगा." ती बिचारी आणखी जोर लावायची. तिने एकेक वाक्य माझ्याकडून घोटून घेतलं. एक दिवस तिचा आवाजच बसला. हळद घातलेलं दूध पीत ती म्हणाली, "बहनजी, इससे ज्यादा चेष्टा मुझसे नहीं होगी." मी म्हटलं, "कोई बात नहीं, कल करो." नात शेजारी गृहपाठ करत होती. तिने फक्त डोळे वर केले.

पण फरक पडत होता. भाजीवाल्याशी बोलताना जीभ आपोआप थांबायला लागली. गोभी बाई की पुरुष, असा विचार मनात यायचा आणि पुष्कळदा उत्तरही यायचं. या वयात डोक्यात नवीन काही शिरतं म्हणजे गंमत वाटते. मी घरात एकटीच "मेरी नाक, मेरा कान" करत फिरायची. मुलगा ऑफिसला निघता निघता म्हणाला, "आई, डॉक्टरकडे जायचं का?" मी म्हटलं, "तू जा. तुझं डोकं बंद पडलंय."

कार्यक्रमाच्या दिवशी मी हिरवी सुती साडी नेसले. चौथीचा वर्ग हा माझा शेवटचा वर्ग, त्यानंतर कुठल्या वर्गात पाय ठेवला नव्हता. बाकं फारच लहान झाली आहेत असं वाटलं. माझ्या आधी एक निवृत्त कर्नल आजोबा बोलले. त्यांची हिंदी खणखणीत, गोष्ट कंटाळवाणी. सून मागे भिंतीला टेकून उभी होती. नात दुसऱ्या रांगेत होती आणि तिने मान इतकी खाली घातली होती की मला फक्त तिची वेणी दिसत होती.

मी उभी राहिले आणि जे ठरवून आले होते ते म्हटलं.

"बच्चों, मेरी हिंदी कच्ची है. मैं गलत बोली तो मेरी चेष्टा करो. डरो मत. खूब चेष्टा करो."

वर्गाच्या बाई एकदम खूश झाल्या. "वाह, दादीजी. सुना बच्चों? चेष्टा. कितना सुंदर शब्द है. कौन बताएगा इसका अर्थ?"

पहिल्या बाकावरची चष्म्याची मुलगी उठली. "प्रयास, मैम. कोशिश करना."

"प्रयास?" मी म्हटलं.

"जी, दादीजी," बाई म्हणाल्या. "चेष्टा यानी प्रयास."

मग माझ्या डोळ्यांपुढे एकेक गोष्ट यायला लागली. पांढऱ्या बुटांची ती मुलगी. प्रयत्न करा, असं सांगत होती बिचारी. लिफ्टमध्ये माझा हात धरून गंभीर झालेली शेजारीण. इतनी चेष्टा से मेरा कुछ नहीं होगा. बाईचा आवाज बसेपर्यंत मी तिला म्हणत होते की तुझे प्रयत्न कमी पडतात, आणखी कर, कोई बात नहीं, कल करो. ती खरंच आणखी करत होती. हसू पोटातून आलं आणि मला काही ते थांबवता आलं नाही. मी टेबल धरलं. बाईंनी पाणी पुढे केलं, ते मी नाकातून सांडलं. मुलं का हसायचं ते माहीत नसताना हसायला लागली. कर्नलही हसले.

तेव्हा दुसऱ्या रांगेतली मान वर आली. सगळ्या वर्गासमोर ती मराठीत म्हणाली, "आजी, काय झालं?"

"अगं, आपल्यात चेष्टा म्हणजे मस्करी. मी महिनाभर त्या पंजाबी आंटीला सांगतेय, माझी मस्करी कर म्हणून. आणि ती..."

"तिचा गला बसला होता ना?"

"तोच तर."

नातीला कळलं. तिने आधी तोंडावर हात धरला, मग तो काढून टाकला आणि हसत हसत पुढे येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. मुलांमध्ये तिच्या एकटीकडेच दोन्ही अर्थ होते, तेव्हा सांगावं तिलाच लागलं. तिने शेजारीण, मटार, हळदीचं दूध सगळं सांगितलं, आणि माझा आवाज काढून सांगितलं. बाईंनी विचारलं, "ऐसे और भी शब्द हैं क्या?"

"हैं, मैम," ती म्हणाली. "राग. मराठी में राग मतलब गुस्सा. मेरी आजी बोलती हैं, मेरे को राग आया."

सगळा वर्ग खिदळला. हेच ते वाक्य, ज्याच्यासाठी नागपूरचं तिकीट निघणार होतं. ती ते असं सांगत होती की जणू तिनेच शोधून काढलं आहे.

मग मी गोष्ट सांगितली. लक्ष्मीबाई नगरच्या गच्चीवर मी कुरडया वाळत घातल्या होत्या आणि माकड येऊन बसलं. माकड दिल्लीचं, त्याला मराठी कुठून कळणार, म्हणून मी त्याच्याशी हिंदीत बोलले. "आप चले जाओ," मी म्हटलं. त्याने माझ्या हिंदीकडे दुर्लक्ष केलं आणि ते कुरडयांचं ताट घेऊन टाकीवर चढलं. मी म्हणाले, "उसका पूँछ बहुत लंबा था." सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "उसकी पूँछ लंबी थी." मला चेव चढला, त्यांनाही चढला. कुठे चूक होते याची मुलं मांजरासारखी वाट बघत होती. नाक मात्र मी बरोबर म्हटलं, "बंदर ने अपनी नाक खुजाई." कोणाच्या लक्षातही आलं नाही. ते माझं मला माहीत.

घरी आल्यावर शेजारणीला सगळं सांगितलं. ती आमच्या दारातच चपलांच्या कपाटावर बसली आणि डोळे पुसत हसली. मग एकदम थांबून म्हणाली, "मतलब आप समझती थीं कि मैं आपका मजाक उड़ा रही हूँ? और फिर भी रोज चाय पिलाती थीं?" मी म्हटलं, चहा तर द्यायलाच हवा ना, कष्टाचं काम आहे.

यालाही आता काही दिवस झाले. परवा दुपारी मी शेजारणीकडे बसले होते तेव्हा नातीचा फोन आला. "आजी, मी आत्ता खाली आहे. ये ना."

मी लगेच उठले, चपला घातल्या आणि लिफ्टने तळमजल्यावर गेले. बागेत बघितलं, झोक्यांपाशी बघितलं, गेटपर्यंत जाऊन आले. गार्ड म्हणाला, बेबी तो आई नहीं. मी फोन लावला.

"अगं कुठे आहेस?"

"घरी."

"खाली आहे म्हणालीस ना?"

"हो, खालीच आहे. होमवर्क झाला. केव्हाची वाट बघतेय, तू कुठे आहेस?"

मी गेटपाशी उभी राहून हसायला लागले, गार्ड माझ्याकडे बघायला लागला.

"तशीच बस," मी म्हटलं. "मी वर येते आणि तुझी चांगली चेष्टा करते."

"कुठली, आपली की मैमवाली?"

"दोन्ही," मी म्हटलं आणि लिफ्टचं बटण दाबलं.