घसा खाकरला तिथून

आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीत तो माझ्या शेजारी बसला होता. नाव विचारायचं राहूनच गेलं. मोबाइलवर एका म्हातारीचा व्हिडिओ होता आणि क्लिप कापायची पिवळी कड तो अंगठ्याने सरकवत होता. अंगठा जाडजूड, त्यामुळे कड भलतीकडेच जाऊन थांबायची आणि दरवेळी तो जीभ चावायचा.

"आय माजी," तो म्हणाला. "हळदीला धवले गायची. आता ती न्हाय, आन् माज्या पोरीची हळद हाय. मांडवात लावायचंय."

चुकीच्या जागी कापलेलं मला बघवत नाही. मी फोन मागून घेतला, खालची पट्टी दोन बोटांनी ताणून मोठी केली आणि कड बरोबर गाण्याच्या पहिल्या शब्दावर आणून ठेवली. अगदी चोख. त्याने ऐकलं, पण चेहरा काही खुलला नाही.

"ताई, जरा मागं घ्या. आय आधी घसा खाकरायची. तेवढ्यावर अख्खा मांडव गप व्हायचा."

मी कड मागे नेली. आता आधी खाकरणं आलं, मग गाणं.

"आणि शेवट कुठे करू?"

त्याने फोन घेऊन कानाशी धरला. गाणं संपलं, आणि इंजिनाच्या घरघरीतूनही मला म्हातारीचा आवाज ऐकू आला, "पुरं का रं?"

व्हिडिओ तिथेच संपत होता. बोट धक्क्याला लागली, माणसं उठली. तो तसाच बसून होता. फोनकडे बघत हळूच म्हणाला, "न्हाय."