सुलेखाताईंचा वेगळा तवा

सुलेखाताईंना राग आला तरी त्या सहसा बोलत नाहीत. त्यांच्या धंद्यात बोलता येतच नाही. शिकागोतल्या डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या एका पार्लरमध्ये त्या भुवया कोरतात, आणि त्यासाठी दोऱ्याचं एक टोक दातात धरावं लागतं. समोरची बाई डोळे मिटून सुनेच्या, भाड्याच्या, थंडीच्या तक्रारी करते आणि या दात आवळून हूं हूं करतात. राग गिळायची सवय अशी जबड्यालाच लागलेली. पण त्या मंगळवारी जो आला तो काही गिळला जाईना.

मंगळवारी पार्लरमध्ये गिऱ्हाईक कमी असतं. दुपारी सुलेखाताई कोट चढवून बसने दोन स्टॉप पलीकडच्या ताकेरियात, म्हणजे मेक्सिकन खानावळीत, जेवायला जातात. कोपऱ्यावरची जागा, शेजारी कपडे धुवायचं लॉन्ड्रोमॅट, आत पाच-सहा टेबलं, भिंतीवर फुटबॉल दाखवणारा टीव्ही. गल्ल्याच्या मागे मोठा लोखंडी तवा, आणि त्यावर दिवसभर मांस चरचरत असतं. मालकीण ओफेलिया त्यांच्याच वयाची. आधी ती भुवया करायला पार्लरमध्ये आली, आवडल्या म्हणून परत आली, आणि एकदा म्हणाली, माझ्याकडे जेवायला ये. दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे एकमेकींचं बोलणं अगदी नीट कळायचं.

पहिल्या दिवशी सुलेखाताई नुसतं पपईचं पाणी पिऊन आणि लिंबू लावलेली काकडी खाऊन उठल्या. ज्या तव्यावर मटण चढतं त्यावरचं त्यांना जात नाही. धर्माचं मोठं तत्त्वज्ञान वगैरे काही नाही, फक्त घशाखाली उतरत नाही. ओफेलियाने विचारलं, हे डॉक्टरने सांगितलंय की देवाने? सुलेखाताई म्हणाल्या, आईने. ओफेलियाला तेवढं पुरलं. ईस्टरच्या आधीच्या उपासात ती स्वतः शुक्रवारी मांसाला शिवत नाही, तेही आईनेच सांगितलेलं.

पुढच्या मंगळवारी फ्रिजमागच्या खिळ्यावर एक छोटा तवा टांगलेला होता. त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम. चरबी न घातलेला घेवडाही एका लहान पातेल्यात वेगळा. मक्याच्या तोर्तियावर, म्हणजे त्यांच्या पातळ भाकरीवर, चीज, भाजलेल्या निवडुंगाचे काप, वरून हिरवी चटणी. अमरावतीकडे शेताच्या बांधावर कुंपणाला लावलेलं निवडुंग लेक शिकागोत मिटक्या मारत खाते, हे त्यांच्या आईला कुणी सांगितलं असतं तर तिने कपाळाला हात लावला असता. नवरा गेल्यावर सुलेखाताईंना कुणी समोर बसवून वाढलं असेल तर ते तिथेच. लेक अनिका दूर सनीव्हेलला. ती फोनवर रोज विचारते, डिड यू ईट, आणि या हो म्हणतात. मंगळवारी ते खरं असायचं.

आता एवढं सुख मिळालं तर माणसाने गप्प बसावं की नाही? पण हळदीकुंकवाला बायका बसल्या, कुणी सुनेने केलेल्या केकचं कौतुक केलं, कुणी मुलाच्या घराचं, आणि सुलेखाताईंच्या तोंडून गेलं, "आमची ओफेलिया माझ्यासाठी तवासुद्धा वेगळा ठेवते." चूक म्हणाल तर एवढीच. ती त्यांनी स्वतःला माफ केलेली नाही, हेही सांगून टाकते.

ते शब्द तिथे बसलेल्या अस्मिताने ऐकले आणि नेपरव्हिलला घरी जाऊन नवऱ्याला सांगितले. नवरा शशिकांत. इथल्या मराठी मंडळाचा सांस्कृतिक सेक्रेटरी, नाटकात कायम हिरो, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी ज्ञान वाटणारा. त्याने लगेच टाकलं: डेव्हनजवळ व्हेज लोकांसाठी ताकेरिया, सेपरेट तवा, सुलेखाताईंचं नाव सांगा. एका बाईने एका बाईवर केलेली माया याने हॉटेलची सोय करून टाकली. बोट दिलं की मनगट धरायचं, ही आपल्या मंडळींची जुनी खोड, आणि मंडळ म्हटलं की तिला बॅनरही लागतो.

शनिवारी डेव्हनवरच्या हॉलमध्ये नाटकाची तालीम होती. ती सुटल्यावर हा वीस-बावीस माणसं घेऊन ऐन जेवणाच्या वेळी तिथे धडकला. फोन नाही, विचारणं नाही. कामावरून आलेले गवंडी आणि लेकराबाळांची कुटुंबं रांगेत उभी होती. यांनी टेबलं जोडली, पिशवीतून ठेच्याची बाटली काढली, आणि सगळ्यांचं त्या छोट्या तव्यावर करून मागितलं. त्या तव्यावर एका वेळी दोन तोर्तिया मावतात. तरी ओफेलियाने केलं, कारण नाव सुलेखाचं होतं. स्वतःचं रोजचं गिऱ्हाईक ताटकळत ठेवून केलं. शेवटी घाईत मोठ्या तव्यावरचं उलथणं छोट्यावर आलं. शशिकांतने ते पाहिलं आणि सुरू झाला. व्हिडिओ काढला, हिंदूंना फसवतात म्हणून तावातावाने बोलला, आणि घरी जाऊन एक स्टारचा रिव्ह्यू लिहिला. ग्रुपवर आवाहन केलं. रविवार संध्याकाळपर्यंत ज्यांनी तिथलं पाणीही प्यायलेलं नाही अशा लोकांनीसुद्धा एक-एक स्टार दिला. आपल्याकडे सतरंजी उचलायला माणूस मिळत नाही, पण घरबसल्या बोंब मारायला अख्खं मंडळ हजर!

सुलेखाताई त्या ग्रुपवर नाहीत. त्यांना हे मंगळवारी कळलं, दारावरच्या कागदावरून. कुणासाठीही वेगळं शिजवलं जाणार नाही, असं इंग्रजीत लिहिलं होतं. खिळा रिकामा होता. ओफेलिया गल्ल्याशी उभी राहिली, रोजच्यासारखी बाहेर आली नाही. तिने फोनवरचे रिव्ह्यू एकेक करून दाखवले, आणि म्हणाली, ही तुझी माणसं. तुझं नाव सांगून आली. आता तुझ्यासाठी केलं आणि त्यांच्यासाठी नाही केलं, तर मी खरंच खोटी ठरते.

तिचा आवाज चढला नव्हता. सुलेखाताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती त्यामुळेच. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. त्या तशाच उपाशी परत आल्या आणि दुपारभर दोरा तोडत राहिल्या.

संध्याकाळी त्यांनी शशिकांतला फोन लावला. तो म्हणाला, ताई तुम्ही इमोशनल होताय, कस्टमर म्हणून आपला राइट आहे. त्यांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की तू माझ्याबरोबर येऊन त्या बाईची माफी मागायची, नाहीतर तुझ्या नाटकाच्या मेकअपला मी येणार नाही, तुझं तूच तोंड रंगव. मंडळात एवढ्या चेहऱ्यांना रंग लावणारं दुसरं कुणी नाही. हिरो ताळ्यावर आला. रिव्ह्यू काढतो म्हणाला, आणि स्वतःचा काढलाही. बाकीच्यांचे मी कसे काढणार, असं वर विचारलं. आग लावणाराच बादली मागतो, त्यातला प्रकार.

गुरुवारी दुपारी तो काजूकतलीचा बॉक्स घेऊन ताकेरियाच्या दाराशी आला. सुलेखाताईंना वाटलं, चला, निदान रीत तरी ठाऊक आहे. पण आत शिरल्यावर त्याने बॉक्स गल्ल्यावर ठेवला, 'नो हार्ड फीलिंग्ज' म्हणाला, आणि ओफेलियाला धंदा शिकवू लागला. दोन तवे ठेवा, बाहेर हिरवा ठिपका लावा, मी तुम्हाला पन्नास फॅमिली आणून देतो. सॉरी हा शब्द काही त्याच्या तोंडून निघेना. ओफेलिया हात पुसत ऐकत होती. रांगेतले लोकही ऐकत होते. त्याचं संपल्यावर ती म्हणाली, थँक यू, नाही.

"बघा ताई, मी माझ्याकडून ट्राय केलं," तो मराठीत म्हणाला. "ह्या लोकांना ग्रोथच नको असते यार."

ज्या बाईच्या हातचं याने खाल्लं, तिच्याच दारात उभं राहून तिला न कळणाऱ्या भाषेत हा तिला नावं ठेवतो. आणि आपल्या भाषेत! सुलेखाताई पुढे झाल्या आणि ओफेलियाला म्हणाल्या, "माझं मोठ्या तव्यावर टाक. सगळ्यांचं करतेस तिथेच. मी खाते."

शशिकांतने आ वासला. रागाच्या भरात त्या क्षणी सुलेखाताईंनी ते खरंच खाल्लं असतं. आईची आण, इतक्या वर्षांचं अमेरिकेतलं जपणं, सगळं त्या एका प्लेटवर ठेवायला त्या तयार होत्या. आपली माणसं अशी असतील तर आपल्यात राहून तरी काय मिळवायचं, असं त्यांना झालं होतं.

ओफेलियाने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग मान हलवली.

"नो," ती म्हणाली. "तू ते खात नाहीस. त्याचा राग माझ्या जेवणावर नको."

सुलेखाताई काही बोलायच्या आत ती गल्ल्याला वळसा घालून बाहेर आली. दुकानात आता नाही, तिने सांगितलं, दुकानात कागद लावलाय तो सगळ्यांना. पण रविवारी दुकान बंद असतं. रविवारी घरी ये, मी तुझ्यापुरतं करीन. आणि तिने सुलेखाताईंच्या कोटाची दुमडलेली कॉलर सरळ केली. त्या बाईसमोर सुलेखाताईंचे डोळे भरून आले, आणि शशिकांतसमोर भरून आले म्हणून त्यांना आणखी राग आला.

तो मात्र खूष दिसला. मिटलं एकदाचं, असं म्हणून त्याने गाडीच्या किल्ल्या काढल्या.

"संडेला ना?" तो म्हणाला. "मग आम्ही पण येतो ना ताई. अस्मिताला कधीचं घरचं ऑथेंटिक मेक्सिकन खायचंय. ह्यांना जरा सांगा, सगळं सेपरेट करा म्हणावं."

मंडळात आजवर कुणी कुणाला नको म्हटलेलं नाही. आगंतुकालाही पान वाढायचं, मागून कितीही बोटं मोडली तरी तोंडावर या-बसाच म्हणायचं. सुलेखाताईही तेच करत आल्या होत्या.

"तुला बोलावलेलं नाही, शशिकांत," त्या म्हणाल्या.

त्याला थट्टा वाटली, तो हसला. सुलेखाताईंनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, आणि मग ओफेलियालाही कळावं म्हणून इंग्रजीत म्हटलं.