चार नंबरची नळी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. म्हैसुरातल्या चामराजपुरमच्या घरी देवासमोर हात जोडले तरी मनातल्या मनातही नाही — तिथेसुद्धा मी दुसरंच काहीतरी बोलत राहते. मग तुम्हाला का सांगते आहे? माहीत नाही.

माझं सगळं आयुष्य रक्तातल्या एका प्रथिनामागे गेलं. त्या प्रथिनावर साखरेच्या बारीक साखळ्या असतात, फांद्यांसारख्या. शरीरात कुठेतरी दाह धुमसायला लागला की त्या फांद्यांचा आकार बदलतो — आणि माझं म्हणणं असं होतं, की माणसाला काही दुखायच्या कितीतरी आधी बदलतो. हे दाखवायचं तर आजाऱ्यांसोबत निरोगी माणसांचं रक्तही लागतं. आमच्या प्रयोगशाळेतल्याच दहाजणांनी ते दिलं. नळ्यांवर नावं नव्हती, नुसते आकडे. चार नंबर वत्सलाक्का.

वत्सलाक्का आमच्याकडे काचसामान धुवायची, नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायची. राहायला बन्नीमंटपाजवळ. पूर्वज जुन्या म्हैसूरच्या फौजेतले, त्यामुळे आमच्यासारखीच घरात मराठी. चारचौघांत मला मॅडम म्हणायची, दोघीच असलो की सुधा. सुई टोचताना तिने कधी तोंड वाकडं केलं नाही. "अय्यो, घे की गं, रक्तच ते. परत होतं."

पहिल्याच तपासणीत बदललेल्या फांद्यांचं प्रमाण मोजलं, तर नऊजण एका ओळीत आले आणि चार नंबर वर. खूप वर — आजाऱ्यांच्याही वर. मला वाटलं, नळ्यांची अदलाबदल झाली. पुन्हा रक्त घेतलं. आणखी वर. महिन्याभराने तिसऱ्यांदा घेतलं... तोवर मला भर दुपारीही एकटीने ते यंत्र चालू करायची भीती वाटायला लागली होती. पडद्यावर रेघ चढत जायची, आणि काचेपलीकडे वत्सलाक्का गुणगुणत बाटल्या विसळत असायची — धडधाकट, दोन जिने न थांबता चढणारी. खरं कोण? ती, की तिचं रक्त?

मला माहीत होतं खरं कोण. तेच तर मी दाखवायला निघाले होते, नाही का?

पण — शोधनिबंध पाठवायची वेळ झाली होती. निरोगी गटातलं एक माणूस निरोगी नाही, असं लिहिलं तर सगळं पहिल्यापासून, आणखी वर्षभर. दुसरीकडचे लोकही त्याच विषयाच्या मागे होते. मी वहीत लिहिलं: क्रमांक चार, नमुना खराब, वगळला. एक ओळ. आलेख सुंदर दिसायला लागला.

एवढ्यावर थांबलं असतं तर ती फक्त माझ्या कामातली लबाडी ठरली असती. पण त्याच आठवड्यात ती हात पुसत माझ्या टेबलापाशी आली.

"तीनतीनदा घेतलंस गं. माझं रक्त बरं आहे ना? सुम्ने विचारते."

सुम्ने — उगीच, सहज. मला एवढंच म्हणायचं होतं, अक्का, एकदा डॉक्टरांना दाखव. पण ती आजारी निघाली असती, तर चार नंबर का वगळला, हे कुणीतरी विचारलं असतं.

"छान आहे," मी म्हणाले. "सगळ्यांत छान तुझंच."

ती हसली. सुटल्यासारखी. म्हणजे तिला आतून काही जाणवत होतं? की मला आता तसं वाटतं?

दसऱ्याच्या सुमारास तिचे पाय सुजून आले. बन्नीमंटपावरची मशालींची कवायत ती दरवर्षी मुलीला घेऊन बघायची, त्या वर्षी गेली नाही. किडन्या निकामी झाल्या होत्या. डॉक्टर मुलीला म्हणाले, आत फार दिवस धुमसत असणार, आधी आल्या असत्या तर काही करता आलं असतं. मी शेजारीच उभी होते, मुलीचा हात धरून. संक्रांतीच्या आधी वत्सलाक्का गेली. शोधनिबंध छापून आला. माझं नाव झालं, मोठं पद मिळालं.

नळी मात्र मी फेकली नाही, फ्रीझरमध्ये तशीच ठेवली. का, ते विचारू नका. तिच्याच अक्षरातला चारचा आकडा, वर दंवाचा पांढरा थर. तितक्या थंडीत रक्तात काहीच बदलत नाही.

मागच्या महिन्यात, नव्याने रुजू झालेल्या डॉक्टर नलिनींनी फ्रीझरमधले जुने नमुने नव्या यंत्रावर लावले. कुठला नमुना कुणाचा, कधीचा, त्यांना ठाऊक नव्हतं. सकाळी कागद घेऊन त्या माझ्या खोलीत आल्या.

"हे चार नंबरचं माणूस कोण?" त्यांनी कन्नडमध्ये विचारलं. "त्याला अजून काही जाणवत नसेल. पण लगेच बोलावून घ्या, अजून वेळ आहे."

अजून वेळ आहे. तिथे, त्या दंवाखाली, वत्सलाक्का अजून त्याच उन्हाळ्यात होती — दोन जिने चढणारी, वाचवता येण्यासारखी.

"त्या वारल्या," मी म्हणाले. "आठ वर्षं झाली."

"अय्यो पापा, बिचारी," नलिनी हळहळल्या. "तेव्हा कुणाला कळलंच नसेल."

मी होकारार्थी मान हलवली.

कळलं होतं. डॉक्टरांच्या पाच महिने आधी, मला कळलं होतं.