चार नातवंडांची चार कापडं

माझी अर्धवट राहिलेली सगळी भरतकामं नवऱ्याच्या काळ्या लोखंडी ट्रंकेत असतात. तो फौजेतून निवृत्त होऊन कुंडलला आला आणि उसात रमला, तेव्हा ती ट्रंक रिकामी झाली आणि मी बळकावली. आत पाय नसलेलं हरीण आहे, एकाच बाजूचं तोरण आहे, 'सुस्वागतम्'मधलं नुसतं 'सुस्वा' आहे. किती कापडं आहेत ते मी मोजत नाही, मोजलं तर लाज वाटेल. नवरा त्या ट्रंकेला ट्रान्झिट कॅम्प म्हणतो. "येत्यात सगळी, पर पोस्टिंग कुणाचंच निघत न्हाई," असं पाहुण्यांना सांगून तो स्वतःच हसतो, आणि मग पाहुण्यांनाही हसावं लागतं.

मला त्याचं वाईट वाटत नाही. क्रॉस स्टिच म्हणजे मॅटीच्या कापडाची बारीक घरं मोजत एकेक फुली भरत जायचं काम. त्यात हिरवं गवत आलं की आठवडाभर गवतच. कोण भरणार? मी गवत सोडते आणि दुसऱ्या कापडावरचा लाल गुलाब घेते. मन रमतं, हात चालू राहतो. संपलं नाही तर नाही संपलं. मॅटी म्हणजे काही भात नव्हे करपायला.

आई नेमकी उलटी. कवठे महांकाळला, माझ्या माहेरच्या घरी, सोप्यात उंबऱ्याजवळ उजेडाला बसून ती भरायची. लाकडी रिंगमध्ये ताणलेलं एक कापड, सुईत एक दोरा, आणि ते पुरं होईपर्यंत घरात दुसरं कापड येणार नाही. माझ्या लग्नातलं रुखवत तिनं असंच एकेक करून भरलं होतं. वऱ्हाडातल्या बायका ते उलटं करून करून बघत होत्या, कारण तिच्या कामाची मागची बाजूही पुढच्यासारखीच स्वच्छ असायची. मी माहेरी गेले की पिशवीतून दोन-तीन रिंगा काढायचे आणि ती सुरू व्हायची.

"एक ना धड, भाराभर चिंध्या."

"आगं, तुझं एक हुईस्तोवर माझी पाच सुरू हुत्यात."

"सुरू हुत्यात. सरत्यात कवा?"

मग मी चहा टाकायला उठायचे.

तिच्या डोळ्यांचं सुरू झालं तेव्हा तिच्या रिंगमध्ये गणपती होता. माझ्या भावानं नवी खोली बांधली होती, तिच्या दारावर लावायला मोठा गणपती तिनं भरायला घेतला होता. त्या दिवसांत ती दाराच्या चौकटीला खांदा आपटून घ्यायला लागली. बाजूला ठेवलेला तांब्या तिच्या हातानं लवंडायचा. वहिनीनं फोनवर हे सांगितलं तेव्हा मी म्हणाले, वय झालं. गल्लीतल्या बायकांनी तर निदान करूनच टाकलं: मोतीबिंदू. आणि आमच्याकडे मोतीबिंदू पिकावा लागतो. कच्चा काढत नाहीत, असं प्रत्येकीला कुणीतरी सांगितलेलं असतं आणि ती ते पुढं चौघींना सांगते. तो पिकायची वाट बघत आई निवांत गणपती भरत बसली. भाऊ मिरजेला चल म्हणाला की तिचं एकच ठरलेलं, "हातातला गणपती पुरा हुं दे. अर्धा देव टाकून कुटं जाऊ?"

गणपती मोठा होता. नुसत्या सोंडेलाच कितीतरी छटा होत्या. तो पुरा झाला, काचेत बसला, दारावर लागला, आणि मग ती मिरजेला गेली. मी कुंडलहून थेट तिथंच पोचले होते. डॉक्टर तरुण होते, सावकाश बोलत होते. म्हणाले, हा मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे. कडेची नजर गेलेली आहे, ती परत येत नाही. उरलेली थेंबांनी टिकते का बघू, पण उशीर झालाय. आईनं त्यांना विचारलं, "आवं, आजून किती दिस दिसंल?" डॉक्टरांनी थेंब कसे घालायचे ते पुन्हा एकदा समजावून सांगितलं.

मला इतका राग आला की मी बाहेर येऊन बाकावर बसले. आयुष्यभर जिनं मला हातातलं संपवायला शिकवलं, तिची नजर हातातलं संपवण्यातच गेली होती. माझ्यासारखी असती तर अर्धी सोंड तशीच ठेवून उठली असती. ट्रंकेत एक गणपती वाढला असता, एवढंच.

परत येताना गाडीत मिरज मागं पडल्यावर ती म्हणाली, "पुढच्या खेपंला सांगलीतनं मला मॅटी आणून दे. एका मापाची चार कापडं."

"चार कशाला?"

"नातवंडं चार न्हाईत व्हय?"

भावाच्या दोन मुली, माझी एक मुलगी आणि एक मुलगा. प्रत्येकाला आज्जीच्या हातचं एकेक चित्र, आणि तेही डोळे जायच्या आत. उद्या कुणी विचारलं तर पोरांना भिंतीकडं बोट करून सांगता यावं, हे आमच्या आज्जीनं भरलंय, एवढीच तिची इच्छा होती. तिनं चौघांना काय पाहिजे ते विचारून घेतलं. भावाच्या थोरलीनं फुलांची परडी सांगितली, धाकटीनं राजहंस. माझा मुलगा तेव्हा भरतीसाठी पळत होता, त्यानं घोडा सांगितला. माझ्या मुलीनं फोनवर सांगितलं, मोर, पिसारा फुललेला. मी तिच्या हातून फोन काढून घेत ओरडले, जरा लहानसं काहीतरी सांग की. पण आईनं ऐकलं होतं, आणि मोर म्हणजे मोर.

मला वाटलं होतं, ती तिच्या रीतीनं करेल. एक पुरं, मग दुसरं. चारातली दोन तरी होतील. पण पुढच्या वेळी गेले तर सोप्यात चार रिंगा ओळीनं मांडलेल्या आणि चारीवर थोडं थोडं भरलेलं. आज परडी, उद्या राजहंस, परवा घोडा, मग मोर. उंबऱ्यावरचं ऊन सरकेपर्यंत एका कापडावर काम, मग ते बाजूला ठेवायचं. दुसऱ्या दिवशी सुई दुसऱ्या नातवंडाची.

"आये, हे काय चालवलंयस? एक घे आणि पुरं कर."

"आणि डोळं मधीच गेलं तर? एकाला मिळालं, तिघांस्नी न्हाई?"

"एकाला तरी मिळंल की."

"तसली वाटणी माझ्या हातनं व्हायची न्हाई."

तिच्या माहेरी दोन चुलते एका चिंचेच्या झाडावरून बोलायचे बंद झाले, ते एकमेकांच्या मयतीलाही गेले नाहीत. त्या घरातली मुलगी ती. आमच्या लहानपणी घरात एक पेढा आला तरी ती तो सुरीनं कापून भावाला आणि मला द्यायची. आता तिनं उरलेल्या नजरेचे चार सारखे वाटे पाडले होते. गुंठा-गुंठा वाटून घेतलेल्या रानात कुणाचंच पोट भरत नाही, हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. तिलाही ते माहीत होतं.

मी, एवढी मोठी ट्रंकवाली, तिच्या हातापाया पडत होते की बाई, एक पुरं कर. वहिनी दारात उभी राहून ऐकत होती.

"वन्सं, कुटलं पुरं करायचं म्हंताय? मोर व्हय?" ती हसत म्हणाली, पण नुसती हसत नव्हती.

माझ्या मनात मोरच होता. माझ्या मुलीच्या पुढच्या घरात मला तो भिंतीवर हवा होता. वहिनीला परडी हवी होती. आईला हे दोन्ही कळत होतं, म्हणून तर ती कुणाचंच ऐकत नव्हती. मी मदत करते, मागचं आकाश मी भरते, तू फक्त पक्षी भर, असंही म्हणून पाहिलं. तिनं कापड माझ्या हातातून काढून घेतलं. "तुजी फुली कवा डावीकडं, कवा उजवीकडं. मला चालायची न्हाई." तिच्या फुल्यांचा वरचा टाका सगळीकडे एकाच बाजूला झुकलेला असतो. माझा त्याच्या मनाला येईल तसा.

कुंडलला परत आले आणि ट्रंकेतलं ते एका बाजूचं तोरण काढून हट्टानं पुरं केलं. दुसऱ्या कशाला हात लावला नाही. दारावर लावलं तेव्हा नवरा म्हणाला, "आयला, एकाचं पोस्टिंग निघालं की!" मला काहीच वाटलं नाही. आनंद व्हायला हवा होता, तो कुठं गेला कुणास ठाऊक. मी इकडे एक पुरं करून दाखवलं म्हणून तिकडे आईची नजर थांबणार नव्हती.

हळूहळू तिला नळीतून बघावं तसं दिसायला लागलं. सुईच्या टोकाखालचं घर दिसायचं, पण आधीची फुली कुठं संपली ते दिसायचं नाही. एकच कापड रोज हातात असतं तर बोटांना सवय लागली असती. आता प्रत्येक कापडाची पाळी मध्ये तीन कापडं होऊन यायची, तोवर मागची मापं डोक्यातून गेलेली असायची. मग ती पहिल्यापासून चाचपत बसायची, आणि चाचपण्यातच उंबऱ्यावरचं ऊन निघून जायचं. हंसाची मान पाठीला जुळेना. घोड्याचा पुढचा पाय पोटापासून सुटून खाली उतरला. मोराच्या गळ्याशी तर भरलेल्या फुल्यांवरच तिनं पुन्हा फुल्या भरल्या, निळ्यावर निळ्या, कापड तिथं कडक होईपर्यंत. पूर्वी एक घर चुकलं तरी ती ओळच्या ओळ उसवायची. आता तिला चूक दिसतच नव्हती.

मी आणि वहिनी एकमेकींकडे बघायचो आणि तिला चूक सांगायचो नाही. आम्हा दोघींचं पहिल्यांदाच कशावर तरी एकमत झालं होतं. "लय भारी झालंय, आत्या," वहिनी सासूला म्हणायची. खोटं बोलताना तिचा आवाज मोठा होतो. शेजारची एक बाई डोळ्यात मध घाल म्हणाली, तर आईनं तिला वाटेला लावलं. चिकट बोटांनी दोरा खराब होतो म्हणून. मिरजेच्या खेपा चालू होत्या, डॉक्टर थेंब बदलून देत होते. आशा धरावी असं काहीच घडलं नाही.

त्या दिवसांत मी फार विचार करायचे, की हिचं नेमकं कुठं चुकलं. एक धरून बसली त्यात अर्धी नजर गेली. वाटून करायला गेली त्यात उरलेली गेली. आमचा जन्मभराचा वाद होता की कुठली रीत बरी, तिची की माझी. तिनं दोन्ही करून बघितल्या. एकाही रीतीनं माझी तिला मदत झाली नाही, आणि त्याचं मला आजही फार वाईट वाटतं.

दिवाळीत आम्ही सगळे कवठ्याला जमलो. तोवर आईला दारातला उजेड आणि घरातला अंधार एवढंच वेगळं कळत होतं. वहिनी सुईत दोरा ओवून द्यायची तेही तिनं बंद करायला लावलं होतं. सकाळी तिनं चारी कापडं वहिनीकडून धुऊन, इस्त्री करून घेतली. कोपऱ्यात तिनं आधीपासूनच खुणेच्या गाठी मारून ठेवल्या होत्या, त्या बोटांनी चाचपत तिनं ज्याचं त्याला दिलं. "आता हितनं पुढं माझ्यानं व्हायचं न्हाई. जेवढं झालंय तेवढं गोड मानून घ्या." पोरं पाया पडली. भावाच्या मुली म्हणाल्या, छान झालंय आज्जी. माझा मुलगाही तेच म्हणाला. वहिनीनं पदर डोळ्याला लावला आणि ती फराळाची ताटं करायला आत गेली.

आईनं माझ्या मुलीचा हात सोडला नव्हता.

"तुज्या कापडावर काय हाय गं?"

मुलगी कापडाकडे बघत राहिली. ती सांगलीला शिकते, त्या दिवशीही घाईतच आली होती. आपण काय मागितलं होतं ते ती कधीच विसरून गेली होती, आणि कापडावरून ते कळत नव्हतं.

"मोर," मी पटकन म्हणाले. "पिसारा फुलवलेला मोर हाय, आये."

"तू गप. तिला इचारलं मी."

मुलीनं कापड आडवं धरलं, मग उभं धरलं. खोटं बोलणं तिला जमत नाही, बापावर गेली आहे. तिनं माझ्याकडे बघितलं, मी मान खाली घातली.

"निळं हाय, आज्जी," ती म्हणाली. "लय निळं हाय."

आईनं मान हलवली. बाकीच्या तिघांना तिनं काही विचारलं नाही.