सकाळी जाऊन संध्याकाळी परत

आमच्या लॅबमध्ये कवळ्या बनतात. दातांचे डॉक्टर पेशंटच्या हिरड्यांचं माप पाठवतात, आम्ही त्यावरून प्लास्टरचा साचा करतो, साच्यावर गुलाबी मेण चढवतो आणि मेणात एकेक दात बसवतो. ही मेणाची कवळी आधी पेशंटच्या तोंडात घालून बघायची, हसताना बरी दिसते का, बोलताना अडते का, आणि मगच ती पक्की करायची. समोरचे दात लावायचं काम आमच्याकडे फक्त ताई करते. ती माझी सख्खी बहीण नाही. माझं टेबल तिच्या टेबलाला लागून आहे आणि सगळी लॅबच तिला ताई म्हणते.

ताई भांडत नाही. भांडली असती तर बरं, असं वाटावं अशी बाई आहे ती. वरच्या मजल्यावरची शेजारीण गॅलरी धुताना सगळं घाण पाणी खाली ताईच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर सोडायची. ताईने चकार शब्द काढला नाही. ती फक्त रोज लिफ्टमध्ये आधी शिरायची, शेजारणीला हसून नमस्कार करायची आणि तिच्या तोंडावर दार लावून वर निघून जायची. शेवटी शेजारीणच रडकुंडीला येऊन फडक्याने गॅलरी पुसायला लागली. मला ताईचा हा गुण फार आवडतो. उगाच माफ करत सुटणाऱ्या माणसांचा मला भरवसा वाटत नाही.

घरी ताई आणि तिची आई, दोघीच. आईचं खुब्याचं हाड मोडलं आणि ती अंथरुणाला खिळली. धाकटा भाऊ परदेशात, मोठ्या कंपनीत. दर रविवारी तो व्हिडिओ कॉल करायचा. आई त्या दिवशी सकाळपासून केस विंचरून, कवळी घालून बसायची. ती कवळी अर्थातच ताईच्या हातची. फोन आला की ती पडद्यावरच त्याच्या गालावरून हात फिरवायची, आणि तेवढ्यात कॉल कट व्हायचा. मग पुन्हा लावालावी.

"कधी येतोस रे?" एवढंच ती विचारायची.

"आई, हे काय पलीकडच्या गल्लीतून यायचंय का? रजा काढा, विमानं बदला, जाऊन-येऊन आठवडा मोडतो. बघतो, जमवतो."

आईला ते पटायचं. कोणी भेटायला आलं की ती आपणहून त्याची बाजू घ्यायची. "फार लांब आहे हो. त्याचा जीव तुटतो, पण करणार काय?" ताईलाही पटायचं. तिने जन्मात विमानात पाय ठेवलेला नव्हता. परदेश म्हणजे परदेश, तिथे जायचं म्हणजे माणसं स्टेशनवर रडतात तसलं काहीतरी, एवढीच तिची कल्पना. आई गेली तेव्हा तो सगळं आटोपल्यावर, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचला. सगळ्यांत मोठ्याने तोच रडला. लोक म्हणाले, एवढ्या लांबून आला बिचारा. ताईनेच त्याला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला.

त्यानंतर काही महिन्यांनी आमच्या मालकांना एक नवा डॉक्टर मिळाला, नेमका ताईचा भाऊ राहतो त्याच देशातला, त्याच शहरातला. त्याचा कोणी बडा पेशंट होता आणि त्याला समोरचे दात पसंतच पडत नव्हते. मालक ताईला म्हणाले, "तुम्हीच जा. मेणाची कवळी बसवून बघा, तिथल्या तिथे दात हलवून द्या आणि या." पासपोर्ट, तिकीट सगळं त्यांनीच केलं. ताईने जायची तयारी केली ती बघण्यासारखी होती. दोन दिवसांचे कपडे, पांघरूण, वाटेत खायला डबा, डोकेदुखीच्या गोळ्या, घराची किल्ली शेजारणीकडे. वरच्या मजल्यावरच्या नव्हे, समोरच्या. मालक किती वेळा सांगत होते की त्याच दिवशी परत यायचंय, पण तिला वाटलं ते बोलायला तसं बोलतात.

मेण उन्हाने वितळतं म्हणून कवळीचा डबा तिने मांडीवर धरला होता. विमानतळावरच्या तपासणीत तो उघडायला लावला. गुलाबी मेणात बसलेले दात आपल्याकडे बघून हसताहेत म्हटल्यावर तपासणारी मुलगी दोन पावलं मागे सरली. हे ताईने मला नंतर सांगितलं, पण ती हसली नाही. तिच्या डोक्यात तेव्हा वेगळंच चाललं होतं. कारण विमान उडालं, पाणी आलं, तिने जेवणाचा डबा उघडून दोन घास खाल्ले आणि उतरायची सूचना झाली. तिने शेजारच्या माणसाला विचारलं, "काही बिघाड झालाय का?" तो म्हणाला, "नाही हो, पोचलो."

डॉक्टरांकडचं काम झालं, पेशंट आरशात बघून खूश झाला, आणि ताई संध्याकाळी आपल्या घरी होती. दुकानं उघडी होती. येताना तिने दूध घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती लॅबमध्ये आली, ॲप्रन घातला आणि माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "एवढंच?" ती म्हणाली. मला कळेना. "एवढंच अंतर आहे ते? मी मधल्या वेळात त्या विमानतळावर बाकावर नुसती बसून होते गं. त्याच्या घरी चहा पिऊन आले असते तरी वेळ उरला असता." तिचा आवाज चढला नव्हता. "ती वाट बघत मेली. आणि हा मला विमानं बदलायच्या गोष्टी सांगत होता."

माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, आत्ता फोन लाव आणि धू त्याला. ताई म्हणाली, "फोनवर तो रडेल. रडणं त्याला चांगलं जमतं. मला त्याच्या तोंडून एक वाक्य ऐकायचंय. 'मला यायचं नव्हतं.' बस. तेही बायकोसमोर, तोंडावर." मग ती जागेवर जाऊन कामाला लागली, आणि मला कळलं की आता त्या माणसाची धडगत नाही.

तेव्हापासून महिन्यातल्या एका सुट्टीला ताई परदेशी जायला लागली. बॅग नाही, काही नाही, खांद्याला पर्स. पासपोर्टवर शिक्का मारून घेतला की थेट भावाच्या दारात. पहिल्यांदा त्याने दार उघडलं तेव्हा त्याच्या तोंडात टूथब्रश होता.

"ताई? तू? कधी निघालीस?"

"आज सकाळी."

"अगं, कळवायचंस तरी. राहणार आहेस ना?"

"छे, संध्याकाळी घरी. उद्या लॅब आहे. चहा टाक."

ती टोमणा मारायची नाही, आईचं नाव काढायची नाही. सोफ्यावर बसायची, चहा प्यायची, भावजयीची चौकशी करायची आणि जायच्या वेळी उठायची. त्याच्या ऑफिसातली माणसं जेवायला आली असली तर त्यांना आपणहून सांगायची, "मी असते येऊन-जाऊन. किती जवळ आहे हो हे! आमच्याकडे भाजी आणायला याहून वेळ लागतो." माणसं हसायची, कौतुक करायची, आणि भाऊ ताटातलं अन्न चिवडत बसायचा. परत आली की ताई मला सगळं साग्रसंगीत सांगायची आणि आम्ही दोघी मनसोक्त हसायचो. खोटं कशाला बोलू, त्या महिन्यांत कामाला यायला मजा वाटायची.

पण वाक्य काही निघत नव्हतं. भाऊ बारीक होत चालला, डोळ्यांखाली काळं आलं, तरी तोंडाला कुलूप. आणखी एक गोष्ट ताईच्या लक्षात आली. तो तिला आणि भावजयीला क्षणभरही एकटं सोडत नसे. भावजय स्वयंपाकघरात गेली आणि ताई मागोमाग उठली की हाही उठायचा. एकदा तर त्याने आंघोळीला जायचं टाळलं, ताई निघेपर्यंत तसाच पारोसा बसून राहिला. "काहीतरी आहे," ताई म्हणाली. "या वेळी तू चल. तो एक आहे, आपण दोघी."

म्हणून मी गेले. विमानात मला खिडकी मिळाली पण मी खाली फारसं बघितलं नाही, मला घाई झाली होती.

घर छान होतं. उंचावर, स्वच्छ, बुटांसाठी वेगळं कपाट. भाऊ मला बघून गडबडलाच. ताईने ठरल्याप्रमाणे त्याला समोर बसवून बँकेचा आणि आईच्या नावच्या घराचा विषय काढला, आणि मी भावजयीला म्हटलं, "चला वहिनी, मी कप धरते." तो अर्धा उठला. ताई म्हणाली, "बस रे, ती काय तुझं स्वयंपाकघर पळवतेय का?"

भावजय गरीब स्वभावाची होती. दूध ओतता ओतता म्हणाली, "ताईंना विचारायचंच राहून गेलं बघा. यांच्यासमोर आईंचा विषय काढवत नाही, यांचा चेहरा पडतो. तो स्वेटर आईंना बसला होता का हो? मी अंदाजानेच विणला होता."

"कुठला स्वेटर?"

"यांच्याबरोबर पाठवला होता ना. तुमच्या गावातल्या ऑफिसात यांच्या मीटिंगा असायच्या, सकाळी जाऊन संध्याकाळी परत, ताई येतात तसंच. दर वेळी आईंसाठी मी काही ना काही द्यायचे. स्वेटर, पायाला मालिशचं तेल, मऊ बिस्किटं. हे सांगायचे, आई खूश झाली, तुझी आठवण काढत होती."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. तो आमच्या गावात यायचा. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. तिथल्या ऑफिसात मीटिंग करायचा, आणि त्याची आई तिथून बसच्या अंतरावर, फोनमधल्या त्याच्या गालावर हात फिरवत पडलेली असायची. पोटात ठेवून घेणाऱ्यातली मी नाही. मी ट्रे उचलला आणि भावजयीला म्हटलं, "वहिनी, मला जे विचारलंत ना, ते बाहेर येऊन ताईला विचारा."

तिने विचारलं, अगदी साधेपणाने, ताईच्या पुढ्यात कप ठेवता ठेवता. "ताई, यांच्याबरोबर पाठवलेला तो स्वेटर आईंना बसला होता का? मीटिंगला यायचे तेव्हा द्यायचे मी."

भावाने ताईकडे बघितलं. अशी केविलवाणी नजर मी कुत्र्याचीसुद्धा पाहिली नाही. तिने नुसतं 'बसला' म्हटलं असतं तर तो सुटला असता, त्याचा संसारही सुखाने चालू राहिला असता. मला एक क्षण भीती वाटली की आता ही विरघळते.

ताईला समजायला थोडा वेळ लागला. ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि ते बघायला नको होतं असं मला अजून वाटतं. मग ती भावजयीला म्हणाली, "आईला स्वेटर मिळाला नाही. तेल नाही, बिस्किटं नाहीत. ती पडल्यापासून तुझा नवरा आमच्या दारात एकदाही आला नाही. आला तो ती गेल्यावर."

भावजयीने ट्रे उचलला, त्यातल्या कुणीही न घेतलेल्या चहासकट, आणि ती आत जाऊन दार लावून बसली.

"ताई," भाऊ म्हणाला, आणि या वेळी तो रडला नाही. "मला यायचं नव्हतं. टॅक्सीत बसायचो, तुझ्या घराचा पत्ता सांगायचो आणि मध्येच गाडी वळवायला लावायचो. मला तिला तसं बघवत नव्हतं."

हवं होतं ते वाक्य मिळालं होतं. ताई उठली, पर्स खांद्याला लावली.

"तू बघायचं नव्हतंस," ती म्हणाली. "तिला तुला बघायचं होतं. डोळे मिटून बसला असतास तरी तिला चाललं असतं."

परतीच्या विमानात बसताना मला वाटलं होतं आम्ही जिंकून परत चाललोय, पण पेढे वाटावेत असं काही वाटेना. पाणी आलं ते ताईने घेतलं नाही.

त्यानंतर ताई तिकडे गेली नाही. पुढच्या महिन्यात एका सकाळी ती लॅबमध्ये आली, ॲप्रन घातला, बर्नर पेटवला आणि मेण गरम करायला ठेवलं. चाकू पुसत म्हणाली, "तो आलाय. पहिल्या विमानाने. दारात उभा होता, हातात पिशवी. स्वेटर आणलाय, त्याच्या ऑफिसच्या कपाटात होता म्हणे इतके दिवस."

"मग?" मी म्हटलं. "हाकललास ना?"

"कशाला? चहा दिला. आईची खोली उघडून दिली, पलंगाजवळ खुर्ची ठेवली. म्हटलं, बस. संध्याकाळी विमानाला जाशील तेव्हा दार ओढून घे."

"एकटाच? दिवसभर तिथे करणार काय तो?"

ताईने समोरचा दात चिमट्यात धरला, उजेडाकडे करून बघितला आणि मेणात बसवला.

"वाट बघेल," ती म्हणाली. "ती त्याची बघायची. हा कोणाची बघतो, ते त्याचं तो ठरवेल."